कोपेश्वराचं गाव

खिद्रापूरच्या वेशीतून बाहेरगावची गाडी आत आली की काच खाली होते आणि एकच प्रश्न येतो, "देऊळ कुठं आलं?" पारावर बसलेला माणूस बोलतही नाही, हात लांब करून दाखवतो. तास-दीड तासानं तीच गाडी परत जाते. येणारे लोक खांब मोजतात, फोटो काढतात, स्वर्गमंडपात उताणे पडून आभाळ बघतात आणि निघतात. त्यात वाईट काही नाही, देऊळ आहेच तसं. पण त्या देवळाभोवती एक नांदतं गाव आहे, त्याचाही काही इतिहास आहे आणि एक स्वभाव आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. आज मला त्या गावाविषयी बोलायचं आहे.

माझी आत्ती खिद्रापुरात दिलेली. सात-आठ वर्षांचा असल्यापासून मी तिथं सुट्टीला जातो. तेव्हा कोल्हापूरहून नरसोबाची वाडी, तिथून कुरुंदवाड आणि पुढं मिळेल त्या वाहनानं, नाहीतर बैलगाडीनं, असा दिवसभराचा प्रवास असायचा. आता साठेक किलोमीटरचा रस्ता दीड-दोन तासांत संपतो. सैनिक टाकळी मागं पडली की वस्ती विरळ होते, दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि मग रस्ताच संपतो. पुढं कृष्णा. शिरोळ तालुक्याचं आणि महाराष्ट्राचंही हे टोक. पलीकडच्या काठावर कर्नाटकातलं जुगूळ. नदी गावाला तिन्ही बाजूंनी वळसा घालून जाते. नकाशात पाहिलंत तर खिद्रापूर नदीच्या कुशीत बसल्यासारखं दिसतं. ही कुस ऊबदार आहे, आणि पावसाळ्यात तीच भीतीची आहे. गावाचा सगळा स्वभाव या एका वळणात आहे, असं मला वाटतं.

गावचा देव कोपेश्वर, म्हणजे कोपलेला ईश्वर. कथा सगळ्यांना माहीत आहे. दक्षानं यज्ञ मांडला, जावयाला बोलावलं नाही. सती नंदीवर बसून एकटीच माहेरी गेली, तिथं अपमान झाला आणि तिनं यज्ञकुंडात उडी घेतली. शंकर कोपले. त्यांची समजूत काढायला विष्णू आले आणि त्यांना घेऊन इथं बसले. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, एक कोपेश्वराचं आणि एक धोपेश्वराचं, म्हणजे विष्णूचं. आणि म्हणूनच या देवळात नंदी नाही. सतीला घेऊन गेलेला नंदी तिकडंच राहिला, नदीपलीकडं येडूरला. शंकराच्या देवळात नंदी नाही म्हटल्यावर पाहुणे चकित होतात. आत्तीला त्यात काही नवल वाटत नसे. ती म्हणायची, "माहेरी गेलेली बाई परत आली न्हाई, मग तिची गाडी कशी परत येणार?"

मला या कथेतली एक गोष्ट आवडते. देवाचं देऊळ अलीकडं, नंदी पलीकडं. एक महाराष्ट्रात, दुसरा कर्नाटकात. ही हद्द १९५६ ची. कथा त्याच्या कितीतरी आधीची. हद्द आखणाऱ्यांनी एकाच देवाचं कुटुंब दोन राज्यांत वाटून टाकलं, आणि गावानं ते मनावर घेतलं नाही. सोयरिकी अजून नदी ओलांडून होतात. मोठ्या बहिणीला अक्का, थोरल्या भावाला अण्णा म्हणायची पद्धत आमच्याकडं आहे, ती कानडीतूनच आलेली. आत्तीच्या शेजारच्या घरी सासू सुनेला कानडीत रागवायची आणि सून मराठीत उत्तर द्यायची. भांडण मात्र दोघींना पुरेपूर समजायचं.

भाषांचा हा शेजार देवळाच्या दगडावरही आहे. देवळात डझनभर शिलालेख आहेत. त्यातले बहुतेक जुन्या कानडीत आणि झिजलेले. एक महत्त्वाचा लेख मात्र देवनागरी लिपीत, संस्कृतमध्ये आहे. तो देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा, इ.स. १२१३-१४ मधला. तो समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागेल.

अशा आडबाजूच्या, नदीच्या वळणावरच्या गावात एवढं मोठं देऊळ कुणी आणि का बांधलं, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. पुढं कळलं की आडबाजू हे आजचं मोजमाप झालं. हजार वर्षांपूर्वी ही जागा आडबाजूला नव्हती, ती मोठमोठ्या सत्तांच्या वाटेवर होती. इ.स. १०५४ च्या सुमाराला तंजावरचे चोळ आणि कल्याणीचे चालुक्य यांच्यात कोप्पम इथं मोठी लढाई झाली. चोळ राजा राजाधिराज हत्तीवर बसून लढताना मारला गेला. तमिळ लेखांत त्याला हत्तीवर मरण आलेला राजा असंच म्हटलं आहे. त्याच्या धाकट्या भावानं रणांगणावरच स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि पुढं कोल्लापुरापर्यंत येऊन जयस्तंभ उभा केला, असा चोळांचा दावा आहे. चालुक्यांची बाजू अर्थातच वेगळं सांगते. हे कोप्पम म्हणजे आपलं खिद्रापूर, असं काही अभ्यासक मानतात. गावाचं जुनं नाव कोप्पम किंवा कोप्पद असल्याचं सांगतात, मोठ्या नदीचा काठही जुळतो आणि कोल्हापूरही जवळ. दुसरे अभ्यासक ते कर्नाटकातल्या कोप्पळकडं नेतात. निवाडा करायचा माझा अधिकार नाही. पण उसाच्या सरीत उभं राहून इथं हत्तींची झुंज झाली असेल असं मनात आणलं की अंगावर काटा येतो, एवढं खरं.

आज दिसतं ते देऊळ त्यानंतरचं, बाराव्या शतकातलं. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातलं. शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक, पुढं स्वतंत्र झालेले. त्यांचा शेवटचा मोठा राजा दुसरा भोज, पन्हाळ्याचा. त्याला सिंघण यादवानं हरवलं आणि कोल्हापूरचं राज्य यादवांकडं गेलं. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच सिंघणाचा हा लेख आला. त्यात कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी मिरज प्रांतातलं, नदीसंगमावरचं कूडलदामवाड हे गाव दान दिल्याचं म्हटलं आहे. संगमावरचं हे गाव म्हणजे कुरुंदवाड, असं अभ्यासक ओळखतात. विचार करा, नवा राजा येतो, जुन्याला कैद करतो आणि पहिल्या कामांत जुन्याच्या देवाला गाव तोडून देतो. यात भक्ती किती आणि राजकारण किती हे आठशे वर्षांनी कसं सांगणार? पण सरहद्दीवरच्या लोकांना आपलंसं करायचं तर त्यांच्या देवाची दिवाबत्ती चालू ठेवली पाहिजे, एवढी समज त्या राजाला होती.

खिद्रापूर हे नाव मात्र फार अलीकडचं. मोगलांचा खिद्रखान नावाचा सरदार १७०२ च्या सुमाराला इथं आला, त्याच्यावरून ते पडलं असं सांगतात. ज्यानं गावाला त्रास दिला त्याचंच नाव गावाला, आणि तीनशे वर्षं कुणी बदललेलं नाही. गाव कोपलेल्या देवाचं असलं तरी गावकरी फारसे कोपिष्ट नसावेत. गावात आदिनाथांचं जैन मंदिर आहे, तेही जुनं आणि तेवढंच बारीक कोरलेलं. कोपेश्वर बघून परतणाऱ्या दहा गाड्यांतली एखादीच तिकडं वळते. ती चूक तुम्ही करू नका.

देवळाविषयी थोडं सांगितलंच पाहिजे, नाहीतर गाववाले मला माफ करणार नाहीत. आधी स्वर्गमंडप, मग सभामंडप, अंतराळ, शेवटी गाभारा. स्वर्गमंडपाचे खांब अठ्ठेचाळीस. मधले बारा खांब गोलाकार उभे आहेत आणि त्यांच्यावरचं छत मधोमध उघडं आहे. तेरा फुटांचं गोल आभाळ. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच मापाची गोल शिळा. छत अर्धवट राहिलं की मुद्दाम उघडं ठेवलं, यावर वाद आहे. मला विचाराल तर मुद्दामच, कारण खालची शिळा उगाच कोण एवढी मापात बसवेल? त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री चंद्र माथ्यावर आला की चांदण्याची चकती त्या शिळेवर उतरते. आता ते बघायला लांबून माणसं येतात, दिवे लावतात. आम्ही पोरं मात्र त्या शिळेवर बसून चिंचोके खेळायचो आणि खांबांच्या आडून लपंडाव. १९५४ मध्येच हे देऊळ सरकारी संरक्षणाखाली आलं होतं, पण आम्हा पोरांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

बाहेरून देवळाला फेरी मारलीत तर खालच्या अंगाला हत्तींची ओळ दिसेल. सगळ्या देवळाचा भार जणू त्या हत्तींनी पाठीवर घेतला आहे. बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. त्याला गजपीठ म्हणतात. या हत्तींची आठवण ठेवा, मला पुढं त्यांच्याकडं परत यायचं आहे.

आता गावाच्या पोटापाण्याकडं वळू. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडं मळी म्हणतात. पूर ओसरला की मळीत नवी माती पसरलेली असते. पूर्वी त्यात वांगी लावायची. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव सगळीकडं आहे. वरच्या रानात जोंधळा आणि हरभरा. मग नदीवर मोटारी बसल्या, पाइपलाइनी आल्या, साखर कारखाने आले आणि बघता बघता सगळं रान उसाखाली गेलं. पैसा आला. कौलं जाऊन स्लॅब आले, पोरं इंजिनिअर झाली. पण पाण्याची गंमत अशी की ते कमी पडलं तरी मारतं आणि जास्त झालं तरी मारतं. पाट-पाट पाणी पाजून शिरोळ तालुक्यातल्या किती तरी जमिनींना मीठ फुटलं. पांढरी पडलेली ती क्षारपड राने बघून जुने शेतकरी डोळ्यांत पाणी आणतात. शिरोळच्या दत्त कारखान्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून साठलेलं पाणी काढून देण्याचं काम हाती घेतलं आणि बऱ्याच जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या, ही समाधानाची गोष्ट.

पुराचं काय, हा खरा प्रश्न.

जुन्या लोकांचं आणि नदीचं एक ठरलेलं होतं. पाऊस लागला की मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, संध्याकाळी नदीकडं जाऊन एक काठी रोवून यायचे. सकाळी काठी किती बुडाली ते बघायचं. पाणी मळीत आलं तर धान्याची पोती माळ्यावर जायची. अजून चढलं तर जनावरं उंचावरच्या पाहुण्यांच्या गावी. घरात सगळ्यात वरच्या फळीवर एक पत्र्याची पेटी कायम भरून ठेवलेली असायची: सात-बाराचे उतारे, चार दागिने, दोन लुगडी, काडेपेटी. मी एकदा आत्तीला विचारलं होतं, "तुला भीती वाटत नाही?" ती म्हणाली, "पाणी काय चोर हाय व्हय? सांगून येतंय."

२००५ पर्यंत ते सांगून येत होतं. त्या वर्षी पहिल्यांदा पाण्यानं जुन्या खुणा ओलांडल्या. लोक म्हणाले, शंभर वर्षांतून एकदा असं होतं. मग २०१९ चा ऑगस्ट आला आणि २०२१ चा जुलै. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. या दोन्ही वेळी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ते सगळं पाणी वाडीच्या संगमावर कृष्णेला मिळतं. कृष्णा आधीच कोयनेचं आणि वारणेचं पाणी घेऊन आलेली असते. पुढं उतार कमी, पात्र संथ. पाणी पुढं सरकत नाही, आडवं पसरतं. आणि शिरोळ तालुका नेमका तिथं बसला आहे.

दोष कुणाचा, यावर आमच्याकडं पारावर रोज बैठक भरते. एक बाजू म्हणते अलमट्टी. कर्नाटकातल्या त्या धरणाची उंची ५२४ मीटरवर नेण्याचा विषय निघाला की तालुका पेटतो. महाराष्ट्र सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये सांगितलं की २०१९ च्या पुराला अलमट्टी कारण नाही. पारावरच्या मंडळींना ते पटलेलं नाही. दुसरी बाजू म्हणते आपणच पात्रात भराव घातले, रस्ते उंच केले, ओढे मुजवले. मला वाटतं दुसरं म्हणणं आपल्याला अवघड जातं, कारण त्यात बोट स्वतःकडं येतं.

२०१९ ला माझा आतेभाऊ रात्री दोन वाजता जागा झाला तेव्हा अंगणात पाणी होतं. काठी रोवायला वेळच मिळाला नाही. म्हशींची दावी आत्तीनं स्वतः सोडली. "बांधून मारण्यापेक्षा पोहू देत," म्हणाली. मग होडी आली. त्र्याऐंशी वर्षांची बाई पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. दोन म्हशी परत मिळाल्या, एक मिळाली नाही. तिचं नाव ती अजून घेत नाही.

त्यानंतर प्रत्येक पुराला तोच प्रश्न निघतो: गाव हलवायचं का? आतेभावानं जयसिंगपुरात जागा घेऊन घर बांधलं. शाहू महाराजांनी वसवलेलं हे गाव उंचावर आहे, तिथं पूर येत नाही. नातवंडं तिथंच शाळेला. त्याचं म्हणणं बरोबर आहे. दर दोन वर्षांनी चिखल उपसण्यात माणसाचं आयुष्य जायला नको. आत्ती म्हणते, "तू जा. मला तिथं काय दिसणार? भिंती?" तिचं म्हणणं चुकीचं आहे असं सांगायची माझी छाती होत नाही.

हा पेच फक्त खिद्रापूरचा नाही. हॉलंडचं उदाहरण बघा. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे. शेकडो वर्षं त्यांनी बांध घालून पाणी बाहेर ठेवलं. १९९५ मध्ये तिथल्या नद्या एवढ्या फुगल्या की अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. मग त्यांनी धोरण फिरवलं. बांध आणखी उंच करायचे नाहीत, उलट नदीला पसरायला जागा द्यायची. ओव्हरडीपसे पोल्डर नावाच्या एका खोलगट शेतवस्तीला सांगण्यात आलं की तुमच्या रानात आता पुराचं पाणी सोडावं लागेल. तिथल्या शेतकऱ्यांनी नुसता विरोध केला नाही, स्वतःच तोडगा मांडला. बांधाच्या कडेला मातीचे मोठे ओटे उभारायचे, घरं आणि गोठे त्यावर बांधायचे, जुना बांध खाली करायचा. पाणी आलं तर रानात येईल, घरात नाही. तसं झालंही. पण सगळे राहू शकले नाहीत. सतरा शेतकरी कुटुंबं होती, ओट्यांवर आठच राहिली. बाकीची नुकसानभरपाई घेऊन दुसरीकडं गेली.

हे मी वाचलं तेव्हा मला कोपेश्वराचे हत्ती आठवले. शिल्पकारांनी ते पुरासाठी घातले असं मी म्हणत नाही. गजपीठ ही त्या काळच्या देवळांची रीतच आहे. पण आपला देव मात्र ओट्यावर बसवलेला आहे आणि त्याचे लोक जमिनीवर, हे डोळ्यांत भरतं. आठ घरांना ओटे करणं वेगळं आणि शेकडो घरांच्या गावाला करणं वेगळं. खर्च कुणी करायचा, ज्यांचं घर भाड्याचं त्यांचं काय, ज्यांच्याकडं रानच नाही त्या मजुरांचं काय? गावठाण हलवायचं म्हटलं तर शेती इथं आणि माणूस दहा मैलांवर, मग म्हशीला पहाटे वैरण कोण घालणार? या प्रश्नांची उत्तरं पारावर मिळत नाहीत. पण तिथं बसलेल्यांना विचारल्याशिवायही ती मिळणार नाहीत. हॉलंडमध्ये निदान विचारलं होतं.

२०२१ ला मात्र गाव शहाणं झालं होतं. पाणी मळीत आलं तेव्हाच जनावरं हलली. आत्तीही कुरकुरत जयसिंगपूरला गेली. सतरा दिवस राहिली. परत आल्यावर भिंतीवर पुराची रेघ होती, २०१९ च्या रेघेजवळच. आतेभाऊ रंग लावणार होता, तिनं लावू दिला नाही. आलेल्या माणसाला ती दोन्ही रेघा दाखवते. देवळासारखंच तेही एक बघायचं ठिकाण झालं आहे.

२०२४ च्या जुलैत पुन्हा पाऊस लागला. मी काळजीनं फोन केला. आतेभाऊ म्हणाला, "पाणी मळीत आलंय. गाडी दारात लावलीय. आई अजून जोंधळं निवडत बसलीय. म्हणती, एवढं सूप संपू दे."